आढ्याला बांधलेली पुडी

नवशाने मला पहिल्याच दिवशी ‘तू’ म्हटलं आणि माझं डोकं फिरलं.

“सायेब, तू रोज येशील, का कदी मदीच?” एवढंच त्याने विचारलं होतं. मी परभणीकडचा. बोईसरच्या कारखान्यांत बावीस वर्षं पाना-पक्कड वागवून, पन्नाशीला टेकताना कुठे या सौर प्रकल्पावर सुपरवायझर झालो होतो. ते नवंकोरं साहेबपण मी इस्त्रीच्या शर्टासारखं जपत होतो. पुढे कळलं, की डोंगराकडच्या त्यांच्या बोलीत तलाठ्यालाही तू, पाहुण्यालाही तू आणि जावयालाही तूच. मग मी राग गिळला. पण गिळलेला राग पोटात राहतो, हे माझं मलाच ठाऊक आहे.

उमरोळी स्टेशनच्या पूर्वेला, डोंगराच्या अलीकडे जो उघडा माळ आहे, त्यावर आमची अकरा हजार पॅनेलं उभी आहेत. नवशा त्यांना ‘काचा’ म्हणायचा. तेव्हा तो पंचावन्नच्या आसपास असेल. अंगाने काटकुळा, चालायला चपळ आणि डोक्यावर कायम कंपनीचं पिवळं हेल्मेट. काम संपलं तरी तो ते काढत नसे. पाड्यातल्या लग्नात वऱ्हाडात नाचतानासुद्धा ते त्याच्या डोक्यावर मी पाहिलं आहे. “डोकी एकच हाय सायेब,” असं म्हणून तो हसायचा.

हा माळ कंपनीला मिळाला तो नवशामुळे. पाड्यातली सव्वीसही घरं आधी विरोधात होती. दिवाळी झाली की निम्मा पाडा भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जायचा आणि होळीला परत यायचा. नवशा आणि त्याची बायको लाडकी यांनीही वीस वर्षं तेच केलं होतं. बैठकीत तो उठून म्हणाला होता, “भट्टीवर आपुन धूर गिळतू. ह्या काचा धूर करत नाय. त्या इथं आल्या तर आपुन बी इथंच ऱ्हाऊ.” पाड्याने तीन गोष्टी मागितल्या. माणसांना काम, वाटेवर दिवे आणि विहिरीवर पंप. कंपनीने तिन्ही दिल्या. पंप सूर्यावरच चालतो. लाडकीची दिवसाकाठी तीनदा डोंगर उतरायची चाकरी सुटली. वाटेवर दिवे आल्यापासून पावसाळ्यात फुरशावर पाय पडून कुणी दगावलं नाही. तीन वर्षं एकही घर भट्टीवर गेलं नाही. हे मी कंपनीचा माणूस म्हणून सांगत नाही, मी डोळ्यांनी बघितलं आहे.

एकदा बोईसरच्या एका शाळेची मुलं प्रकल्प बघायला आली. मी चार पानांचं भाषण लिहून नेलं होतं. दुसऱ्या पानावर मुलं जांभया देऊ लागली. शेवटी नवशालाच पुढे केलं. तो म्हणाला, “ह्या काचेला कोलसा नाय लागं, डिझेल नाय लागं. धूर नाय, आवाज नाय. सूर्य उगवला का कामावर हजर, मावळला का सुट्टी. आपुन फकस्त सकाळी तिचा तोंड धवून द्यायचा.” एका मुलीने विचारलं, मग यातली वीज जाते कुठे? “तुज्या घरी जाते. तुजा पंखा फिरतं ना, तो ह्या माळावरचा ऊन हाय.” मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझी चार पानं मी गुपचूप खिशात घातली. त्या दिवशीसुद्धा मी थोडा जळलोच.

तर हे तोंड धुणं. रोज पहाटे, काचा तापायच्या आत, नवशाची टोळी लांब दांड्याचे ब्रश आणि पाइप घेऊन ओळीमागून ओळी धूत जायची. पहिली दोन वर्षं पाणी खालच्या तलावातून टँकरने यायचं. टँकर कधी उशिरा येई, कधी चिखलात रुते. तिसऱ्या वर्षी मी डोकं चालवलं. प्रकल्पाच्या आवारातच बोअर मारून घेतली. पाणी भरपूर लागलं. माझ्या नावाची पाटी लागली नाही, पण तेवढंच राहिलं होतं. मी दोन दिवस मिशीला पीळ देत फिरत होतो.

आठवडाभरात नवशा ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. ओंजळीत पाणी घेऊन आला होता.

“सायेब, चव बघ. पाणी मचूळ हाय. सुकला का काचेवर पांडरा ऱ्हातो.”

“काच काय पाणी पिते का?” मी म्हणालो. “तुम्ही उशिरा धुता, ऊन चढतं, म्हणून डाग राहतात. लवकर या.”

तो ओंजळ तशीच धरून बाहेर गेला आणि त्याने पाणी झाडाला घातलं. दुसऱ्या दिवसापासून टोळी अर्धा तास लवकर यायला लागली.

जानेवारीपासून वीज घटायला लागली. संगणकावरची रेघ रोज थोडी खाली. पुण्याच्या मुख्य कार्यालयातून फोनवर फोन. मी तारा तपासल्या, जोडण्या तपासल्या, नवशाच्या टोळीवर ओरडलो. पाणी मात्र तपासलं नाही, कारण ती बोअर माझी होती. मार्चमध्ये एका दुपारी मी ऑफिसच्या खिडकीतून बाहेर बघितलं आणि उडालोच. पॅनेलांच्या शेवटच्या ओळीवर धुराचा लोट उभा होता.

कुंपणापलीकडच्या शेतात पाड्यातली म्हातारी जमुनाआजी राब भाजत होती. ज्यांना भातशेती ठाऊक नाही त्यांना सांगतो, कारण मलाही ठाऊक नव्हती. झाडांच्या टहाळ्या, शेण, पालापाचोळा, वर माती असे थर रचून उन्हाळ्यात शेताचा एक तुकडा भाजतात. त्याने तणाचं बी जळतं, जमीन भुसभुशीत होते. पहिल्या पावसाला त्याच राखेत भात पेरतात आणि ती रोपं उपटून मग सगळ्या शेतात लावतात. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षाचं भात नाही. आम्ही ज्वारी-सोयाबीनवाले. आधीच्या उन्हाळ्यांत रेघ नीट होती, म्हणून त्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं; आता मला दिसला तो फक्त धूर. मी टेबलावर हात आपटला, सापडला चोर!

पुण्याला लगेच कळवलं: स्थानिक धुरामुळे उत्पादन घटत आहे. खाली ठसठशीत सही केली. मग राब न भाजता रोपं कशी करतात, ते मोबाईलवर पाच मिनिटं वाचलं. पाच मिनिटंच. आणि नवशाला बोलावून घेतलं.

“धूर इकडं नाय येत सायेब,” तो म्हणाला. “आमी दुपारच्याला पेटवतू. तवा वारा दर्याकडनं येतं. धूर डोंगरात जातं.”

“मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. काचांवरच होता.”

“तुजी खिडकी कुठं हाय, तू बघतस कुठनं...”

“नवशा, तुला तुझ्या काचा हव्यात का नकोत?”

हे मी बोललो. त्या माणसाला कुठे धरायचं ते मला बरोबर माहीत होतं. मी सांगितलं की या वर्षी राब भाजू नका, कंपनी खत देईल, तणाचं औषध देईल, उलट भात जास्तच येईल. एकाही गोष्टीचा कागद माझ्याकडे नव्हता. नवशाने तो शब्द पाड्यापुढे ठेवला. लोक कुरकुरले, पण म्हणाले, नवशा म्हणतो तर बघू. काचांच्या वेळीही त्याचंच ऐकलं होतं आणि बरंच झालं होतं.

त्या पाड्याची एक रीत आहे. बाहेरच्याने पाड्याकडे काही मागितलं आणि पाड्याने कबूल केलं, तर मागणाऱ्याने मूठभर भात पळसाच्या पानात बांधायचं आणि मध्यस्थाच्या घराच्या आढ्याला लटकवायचं. ती गाठ मारणाऱ्यानेच सोडायची. तो सोडत नाही तोवर शब्द सुटत नाही. कंपनीच्या मोठ्या साहेबांनीही पहिल्या वर्षी अशी पुडी बांधली होती आणि दिवे, पंप, कामं झाल्यावर येऊन सोडली होती. तेव्हा मी हजर होतो, म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. लाडकीने मूठभर भात माझ्या हातात दिलं. मी स्टुलावर चढून गाठ मारली, मोबाईलवर फोटो काढला आणि चहा घेऊन निघालो. मनात म्हटलं, काय एकेक खुळं असतात.

एप्रिल गेला. धूर बंद होता, तरी रेघ खालीच. मी पुण्याला कळवलं की आता कडक उन्हात काचा फार तापतात, म्हणून घटतंय. मेच्या अठरा तारखेला त्यांनी तेजल नावाची एक तरुण इंजिनीअर पाठवली. तिने एक काच नखाने खरवडली आणि विचारलं, “लिंबू मिळेल?” नवशानेच कुठूनतरी आणून, कापून दिलं. तिने अर्धं लिंबू काचेवर चोळलं, फडक्याने पुसलं, आणि तेवढा तुकडा आरशासारखा चकाकला. भोवतालची काच दुधासारखी पांढरट.

“क्षार आहेत. पाणी कुठलं वापरता?”

“बोअरचं.”

“वापरायच्या आधी तपासून घेतलं होतं ना?”

मी फडकं उचलून शेजारची काच पुसायला लागलो. नवशा बादली धरून शेजारी उभा होता. आमचं अर्धं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. याला काय कळतंय, असं मला वाटलं.

आता जे सांगायचं आहे त्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो. त्या दिवशी अठरा मे होती. पावसाला निदान पंधरा दिवस होते. रचलेले राब शेतांत तसेच पडून होते, काडी लावायचाच अवकाश. मी फक्त पाड्यावर जायचं होतं, स्टुलावर चढायचं होतं, एक गाठ सोडायची होती आणि म्हणायचं होतं, माझं चुकलं, भाजा. अर्ध्या तासाचं काम. मी गेलो नाही. माझ्या सहीचा कागद पुण्यात होता. उद्या सगळे म्हणाले असते, स्वतःच्या बोअरचं पाप या माणसाने गरिबांच्या राबावर ढकललं. आणि ते खरंच होतं. रोज सकाळी वाटायचं, आज जाऊ. रोज संध्याकाळी बोईसरची गाडी पकडून मी घरी यायचो. मी तेजलला हातापाया पडून सांगितलं की पाण्याचा अहवाल सावकाश पाठवा. गुपचूप पुन्हा टँकर सुरू केला आणि काचांवरचे क्षार औषधाच्या पाण्याने घासून काढून घेतले. रेघ वर चढायला लागली, आणि पुण्याला वाटलं, धूर थांबवल्याचा गुण आला; मग पाण्याचा अहवाल कुणी मागितलाही नाही.

नऊ जूनला पाऊस पडला.

न भाजलेल्या जमिनीत भाताबरोबर तण उठलं, भातापेक्षा दुप्पट. खताची फाईल पुण्यात कुणाच्या तरी टेबलावर होती, औषधाचं तर कुणी नावच काढलं नाही. भाजलेल्या जमिनीतून रोप अलगद उपटतं म्हणे. इथे ते दगडासारख्या मातीतून ओढताना मुळापाशी तुटत होतं. मी एकदा कुंपणाजवळ गेलो तेव्हा लाडकीने हात दाखवले. बोटांना चिरा पडल्या होत्या. “खत कवा येल?” तिने विचारलं. मी म्हणालो, येतंय. फक्त जमुनाआजीचं रोप छान आलं, कारण तिने मी राब थांबवायच्या आधीच, मार्चमध्ये भाजलं होतं. तिने ते सगळ्यांना वाटलं. सव्वीस घरांना ते किती पुरणार?

नवशाला कुणी शिवी दिली नाही. पण संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसायला येणारी माणसं यायची बंद झाली. दरवर्षी नवं भात आधी देवापुढे ठेवायचा मान त्याचा असे. त्या वर्षी त्याला बोलावलंच नाही. कामावर तो काचा धुवायचा आणि कुणाशी फारसं बोलत नसे. हेल्मेट तेवढं डोक्यावर असायचं.

दिवाळी झाली आणि चौथ्या वर्षी पाडा पुन्हा भट्टीवर निघाला. नवशा ऑफिसात आला, त्याने हेल्मेट काढलं आणि खिळ्याला अडकवलं. धुऊन, पुसून आणलं होतं.

“तुझी नोकरी आहे की. तू कशाला जातोस?” मी म्हणालो.

“पाडा माज्या बोलानं उपाशी झाला. लोक भट्टीवर जातील आन् मी हितं पगार खाऊ?” तो म्हणाला. “मी बी जातू.”

मी तेव्हाही बोललो नाही. तोंडाशी आलेलं परत गिळलं. त्या हेल्मेटखाली बसून मी पुढचे तीन महिने काम केलं आणि त्या भिंतीकडे बघायचं टाळलं.

फेब्रुवारीत पुण्याच्या कार्यक्रमात कंपनीने मला एक स्मृतिचिन्ह दिलं. वर कोरलेलं होतं, ‘स्थानिकांच्या सहकार्याने धूरनियंत्रण’. टाळ्या पडल्या तेव्हा मला वाटलं, जमीन दुभंगावी. घरी येऊन मी ते बायकोपुढे ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. वर्षाराणीने तो काचेचा ठोकळा उचलून त्यावरची अक्षरं वाचली आणि म्हणाली, “लेकराबाळांची घरं उठली, आणि तुम्ही मिठाची गुळणी धरून बसलात?” तिने ते कपाटावर ठेवू दिलं नाही.

रविवारी मी भट्टी शोधत गेलो. नवशा गुडघाभर चिखलात उभा होता, साच्यात माती दाबत होता. डोकं उघडं. केस किती पांढरे झालेत, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

“नवशा, तो धूर नव्हता. पाणी होतं. मला मे महिन्यातच कळलं होतं.”

त्याने साचा उपडा केला, वीट मोकळी केली, साचा पुन्हा पाण्यात बुडवला.

“मना ठावं व्हता. लिंबू मीच कापला ना.”

“मग पाड्यात का नाही सांगितलंस? लोकांनी राब भाजला असता!”

“गाठ तू मारली व्हती, सायेब. मी कशी सोडू?” त्याच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “मी पावसापावेतो वाट बघली. रोज लाडकीला सांगं, आज येल तो. ती रोज दारात पानी भरून ठेवी. तू येशील त पाय धवाया.”

लाडकी पलीकडे विटा रचत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्या भट्टीवर उभा राहून रडलो, आणि कामावरची परकी माणसं बघत होती, याचीसुद्धा मला लाज वाटली. असा मी माणूस.

त्याच आठवड्यात मी पुण्याला खरं काय ते लिहून पाठवलं आणि सोबत ते स्मृतिचिन्ह परत केलं. होळीला पाडा घरी आला तेव्हा मी गेलो. सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं: बोअर माझी, चूक माझी, गप्प बसलो तोही मीच, नवशाचा यात काही दोष नाही. मला वाटलं होतं, मारतील. कुणी हललंही नाही. जमुनाआजीने विचारलं, “तुज्या मुलखात भात नाय पिकत?”

“नाही आजी. ज्वारी.”

“मंग इचारायचा व्हता ना.”

एवढंच. याहून मोठी शिक्षा मला कुणी दिली नाही. नवशाच्या घरात स्टुलावर चढून मी पुडी सोडली. आत किड्याने पोखरलेली फोलपटं आणि पीठ उरलं होतं. नवशाने ते हातावर घेतलं, फुंकर मारली आणि झटकून टाकलं.

“कामावर परत ये,” मी म्हणालो.

“पाडा सांगल तवा,” तो म्हणाला. “पाणी कोनता वापरतस आता?”

“तलावाचं.”

“मंग बरा. काचांचा काय गुना.”

चार-पाच दिवसांनी दुपारी पाड्याने राब पेटवले. नवशाने काडी लावायच्या आधी मला सांगितलं, “जा. काचांपाशी उबा ऱ्हा आन् बघ.” मी गेलो, शेवटच्या ओळीपाशी उभा राहिलो. दर्याकडचा वारा पाठीला लागत होता. एकेका शेतातून धूर उठला, वाकला आणि सरळ डोंगरात गेला. दोन तास मी तिथे उभा होतो. मग काचेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं आणि उलटून पाहिलं. बोट स्वच्छ होतं. पाड्यातली माणसं कुंपणापलीकडून बघत होती, म्हणून मी तो हात खिशात घातला.